वेणूताईंची मागे न जाणारी गाडी

वेणूताई सबनीसांनी एकदा एका ज्योतिषाला त्याचं भविष्य परत नेऊन दिलं होतं. "दिवाळीच्या आत पगारवाढ म्हणालात. दिवाळी होऊन गेली, तुळशीचं लग्नही लागलं. दक्षिणा काढा," असं त्यांनी त्याला त्याच्याच ओटीवर, बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. त्याने दक्षिणा दिली आणि वर चहाही पाजला.

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर एकट्या राहत. फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास. अंबाडा घट्ट, आणि मतं त्याहून घट्ट. नासका नारळ, रंग गेलेली साडी, न पेटणारा स्टोव्ह, सगळं जिथून आलं तिथे परत जाई. त्या भांडत मात्र नसत. "शब्द दिला होता की नाही?" एवढंच विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत दुकानाच्या पायरीवरून हलत नसत. माझी आई दिवाळीची खरेदी मुद्दाम त्यांच्याबरोबर जाऊन करायची. म्हणायची, "ही नुसती शेजारी उभी राहिली तरी वजन बरोबर भरतं."

अशा बाईंनी एक दिवस जुनी मोटार घ्यायचं ठरवलं. बिल्डिंगमध्ये तेव्हा कुणाकडे सायकलच्या पुढचं वाहन नव्हतं. "चालवणार कोण?" मी विचारलं. "मी. लढाईच्या वेळी ॲम्ब्युलन्स चालवत होते. चल, साक्षीदार म्हणून ये."

अंधेरीला परुळेकर नावाचा गृहस्थ जुन्या गाड्या विकायचा. मूळचा मालवणचा, बोलायला गोड. एक छोटी, काळी, विलायती गाडी त्याने रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवली होती. वेणूताईंना बसवून स्वतः एक फेरी मारून आणली. वेणूताईंनी टायर पाहिले, दिवे पाहिले, खाली वाकून तेल गळतंय का तेही पाहिलं. मग विचारलं, "गिअर सगळे चालू आहेत?"

"सगळे! शब्द देतंय तुमका, बाई. माझ्या बहिणीक विकूची अशी गाडी आसा."

आम्ही झोकात घाटकोपरला आलो. वेणूताईंनी गाडी फाटकातून आत घेतली, भिंतीपाशी थांबवली, नीट लावावी म्हणून रिव्हर्स टाकला आणि गाडी खरखर आवाज करून जागच्या जागी थरथरली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मागे जाणं त्या गाडीला ठाऊकच नव्हतं. शेवटी बिल्डिंगमधले झाडून सगळे पुरुष बनियनवर खाली उतरले आणि आम्ही ती ढकलत बाहेर काढली.

पहिल्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, "वाट लागली! अहो, पण पुढे जाते ना? पुष्कळ झालं."

"अर्धी गाडी घेतली नाही मी," वेणूताई म्हणाल्या.

त्या अंधेरीला गेल्या. परुळेकर आता मालवणी विसरला होता. "जुनी गाडी आहे, बाई. घेतली ती घेतली. बघून घेतलीत ना?"

"जे दिसतं ते बघून घेतलं. जे दिसत नाही, त्याच्याबद्दल तुमचा शब्द घेतला. शब्द दिला होता की नाही?"

"मग जा कोर्टात," म्हणून त्याने पाठ फिरवली.

त्यांच्या ऑफिसातल्या सॉलिसिटर साहेबांनी सांगितलं की कायदा तुमच्या बाजूचा आहे, विकणाऱ्याने खात्री दिली तर ती पाळावी लागते. पण तारखांमध्ये गाडी गंजून जाईल. वेणूताईंनी ते ऐकून घेतलं आणि ऑफिसात रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली. "मधू, डबा घेऊन ये. वेळ लागेल."

परुळेकरच्या शेडकडे एक अरुंद, उताराचा बोळ जायचा. शेड गाड्यांनी गच्च भरलेली, आणि आतबाहेर करायला तेवढी एकच वाट. वेणूताईंनी गाडी सरळ त्या बोळात घातली, शेडच्या दारात नाक टेकवलं, हँडब्रेक ओढला आणि पिशवीतून विणकाम काढलं.

परुळेकर धावत आला. "अहो, काय हे? गाडी काढा!"

"काढते की. फक्त मागे घ्यायला हवी. तुमच्या शब्दाप्रमाणे तिचे सगळे गिअर चालू आहेत. घेऊन दाखवा, मी लगेच जाते."

वेणूताई उतरल्या आणि तो तावातावाने स्टिअरिंगमागे बसला. गाडी खरखरली. त्याने दात ओठ खाऊन पुन्हा प्रयत्न केला. शेजारचा पानवाला, लाँड्रीवाला, रस्त्याने जाणारे दोघेतिघे, सगळे बोळाच्या तोंडाशी जमले. परुळेकर उतरताच वेणूताई पुन्हा आत जाऊन बसल्या.

"ढकला रे हिला!" त्याने आपल्या माणसांना सांगितलं. पण चढ होता, ब्रेक होता आणि आत बाई होत्या. माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

तेवढ्यात सांताक्रूझहून एक गृहस्थ सहकुटुंब गाडी बघायला आले. वेणूताईंनी काच खाली केली आणि अगदी सौजन्याने म्हणाल्या, "जरूर बघा. गाड्या चांगल्या असतील. फक्त घेण्याआधी मागे चालवून बघा." त्या गृहस्थांच्या पत्नीने नवऱ्याचा कोपर धरला आणि दोघं आल्या पावली निघाले.

परुळेकर एका पेटीवर बसला. "पैसे परत घ्या, बाई. मी हात जोडतो."

"मला गाडी पाहिजे. पुरती."

"मग काय करू?"

"दुरुस्त करा. तुमच्या खर्चाने. आणि दोष तुमच्या मालात होता, हे या सगळ्यांसमोर म्हणा."

तो पेटीवरून उठला. मग म्हणाला. पुटपुटला खरा, पण पानवाल्याने "ऐकू आलं!" असं जाहीर केलं. शेडमधल्या तसल्याच एका मोडक्या गाडीतून भाग काढून तिथेच, त्या बोळात, गिअर बदलायला सुरुवात झाली. वेणूताई मिस्त्रीच्या डोक्याशी उभ्या. काम संपलं तेव्हा त्यांनी गाडी मागे घेत, एकदाही भिंतीला न घासता, बोळाबाहेर काढली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. परुळेकरनेही वाजवल्या, गाडी जाताना पाहूनच बहुधा.

त्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "रविवारी मोकळा आहेस?" मला वाटलं, विजयाची मिरवणूक. पण गाडी ठाण्याच्या रस्त्याला लागली आणि एका मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी थांबली. वेड्यांचं इस्पितळ. वेणूताई आत गेल्या आणि एका उंच, वाळलेल्या माणसाचा हात धरून बाहेर आल्या. त्याचे केस त्यांनीच नुकते विंचरलेले दिसत होते.

"हा वसंता. माझा धाकटा भाऊ."

इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून त्यांना भाऊ आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला गर्दीची भीती होती. आगगाडीत, बसमध्ये तो ओरडत सुटे. एकदा टॅक्सी केली, तर टॅक्सीवाल्याने दोघांना भर रस्त्यात उतरवलं. स्वतःची गाडी असेल तरच त्याला दिवसभर बाहेर नेता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे सगळं त्यांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं.

आम्ही आरे कॉलनीत झाडाखाली बसलो. वसंता गोठ्यांकडे जाणाऱ्या म्हशी बघत होता. मधूनच तो विचारी, "अक्का, ह्या कुठे चालल्या?" वेणूताई म्हणत, "घरी." थोड्या वेळाने तो पुन्हा तेच विचारी आणि त्या पुन्हा तितक्याच हळू सांगत. दुकानदारांना वठणीवर आणणारा तो आवाज इतका मऊ होऊ शकतो, हे मी त्या दिवशी ऐकलं.

संध्याकाळी त्याला परत सोडलं. तो वळून न बघता आत गेला. वेणूताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. फाटक बंद झालं तरी त्यांनी गाडी सुरू केली नाही.

"पुढच्या रविवारी येशील का रे?" त्यांनी विचारलं. "त्याला बरं वाटतं कुणी असलं की." मग किल्ली फिरवत म्हणाल्या, "परतताना मलाही."