मागच्या खोलीतला नॉर्ब

रिमोटवर धुळीचा पातळ, सारखा थर बसला होता; फक्त पाचच्या बटणावर तो नव्हता. आर्लीनने चष्मा कपाळावर सारला, रिमोट खिडकीपाशी नेऊन तिरका धरला आणि पुन्हा पाहिलं. चीजच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं ओलावा मोजला होता, त्यामुळे एकदाच पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. दुसऱ्यांदाही तेच दिसलं. आठचं बटण धुळीने झाकलेलं. पाचचं स्वच्छ, किंचित चकाकणारं, जणू नुकताच कुणाचा तरी अंगठा त्यावरून फिरला होता.

डॉटच्या बारच्या या मागच्या खोलीत नऊ महिने कुणी टीव्ही लावला नव्हता. खोलीत एक खुर्ची होती. खुर्चीवर, हिरवी लोकरी टोपी घातलेला एक पितळी कलश होता. आणि कलशात आर्लीनचा नवरा नॉर्ब होता.

"डॉट, आत साफसफाई केलीस का तू?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"मी?" डॉट ग्लास पुसत म्हणाली. "बावीस वर्षांत केली नाही ती आजच करू? आज सामना आहे, बाई!"

अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, आणि साधासुधा नव्हता. जिंकलं तर संघ अंतिम फेरीत, हरलं तर सगळं पुढच्या सप्टेंबरवर. गावात इतका बर्फ पडला होता की टपालपेट्यांची फक्त डोकी दिसत होती, तरी दुपारी बाराच्या आत बारमधली प्रत्येक खुर्ची भरली. चौथ्या स्टुलावर, बरोबर टीव्हीसमोर, गॉर्डी बसला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला गॉर्डी गेली बावीस वर्षं त्याच स्टुलावर बसत होता. त्याच्यासमोर निळी वही होती.

नॉर्ब मागच्या खोलीत गेला तो या वहीमुळे. बावीस वर्षांपूर्वी शेवटची चार मिनिटं उरली असताना, संघ चौदा गुणांनी पुढे असताना, नॉर्ब दारातून आत आला आणि त्याने कोट खुंटीला अडकवेपर्यंत आघाडी संपली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग गॉर्डीने वही आणली. नॉर्ब हजर, संघ हरला, अशा अकरा नोंदी झाल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं. नॉर्बने वाद घातला नाही. "संघासाठी एवढं करायलाच पाहिजे," असं म्हणून त्याने आपला ग्लास उचलला, मागे गेला आणि तिथला टीव्ही आठवर लावला. आठवर फुटबॉल सोडून जगातलं सगळं लागायचं.

सामना संपला की पुढचे सगळे मागे जात. तिथे नियम एकच, फुटबॉलचं नाव काढायचं नाही. नॉर्ब खुर्चीत मागे रेलून सांगायचा. जपानमधले दीडशे किलोचे पैलवान आधी मूठभर मीठ उधळतात. नॉर्वेत लोक डोंगरावरून फळ्या बांधून हवेत उडी मारतात आणि खाली पोचेपर्यंत दोनदा पश्चात्ताप करू शकतात. भारतात एक खेळ आहे, त्यात चढाईला गेलेला माणूस एकच शब्द घोकत श्वास कोंडतो आणि समोरचे सात जण त्याच्या पायाला लोंबकळतात. "त्यात चेंडू कुठे असतो?" गॉर्डीने विचारलं होतं. "चेंडू लागतच नाही रे," नॉर्ब म्हणाला होता. "माणूसच चेंडू." पण त्याचा सगळ्यात लाडका खेळ कर्लिंग. बर्फावरून दगड सरकवायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे झाडूने झाडत पळायचं. कर्लिंगवर तो तास तास बोलायचा आणि पुढची माणसं बायकोचे फोन न घेता ऐकत बसायची.

गेल्या जानेवारीत मात्र त्याने विचारलं होतं, "या वर्षी शेवटचा सामना पुढे बसून बघू का? एकदाच." मतदान झालं. सगळ्यांनी नाही म्हणून हात वर केला. आर्लीननेही. एप्रिलमध्ये नॉर्ब गेला. तेव्हापासून त्याला कुठे ठेवायचं ते तिच्याच्याने ठरत नव्हतं. तळं, दफनभूमी, मुलीचं घर, सगळ्यांचा विचार करून झाला होता. "तात्पुरतं" म्हणून तिने कलश मागच्या खुर्चीवर ठेवला होता.

सामना सुरू झाला. पहिल्या वीस मिनिटांत संघाने दहा गुण मिळवले. गॉर्डीने वहीवर हात ठेवला आणि तृप्त श्वास सोडला. आणि तेव्हाच मागच्या खोलीतून गर्दीचा आवाज आला.

तो पुढच्या टीव्हीचाच आवाज होता, फक्त अर्ध्या सेकंदाने मागे. बारमधल्या सगळ्या माना मागच्या दाराकडे वळल्या.

वीजतंत्री लेस्टर मागे जाऊन आला. त्याचा चेहरा पीठ लावल्यासारखा झाला होता. "लागलाय," तो म्हणाला. "पाचवर लागलाय. आपलाच सामना."

"आणि नॉर्ब?" गॉर्डीने विचारलं.

"बघतोय."

त्याच क्षणी पुढच्या टीव्हीवर आपल्या धावणाऱ्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला.

"बंद कर!" गॉर्डी ओरडला. "लेस्टर, बंद कर तो!"

रिमोटने टीव्ही बंद झाला नाही. बटणाने झाला नाही. शेवटी लेस्टरने भिंतीतला प्लगच उपसून काढला. चित्र तरीही राहिलं. आर्लीन दारात उभी राहून मनात मोजत होती. अकरा सेकंदांनी पडदा काळा झाला.

"आत थोडी वीज साठून राहते," लेस्टर घाम पुसत म्हणाला.

"किती सेकंद?"

"एखादा. फार तर दोन."

"अकरा होते," आर्लीन म्हणाली.

लेस्टरने हातातला प्लग जमिनीवर टाकला. तोवर दहाची आघाडी तीनवर आली होती.

"टीव्हीचा प्रश्नच नाही," गॉर्डी म्हणाला. "त्याला हलवायला पाहिजे. आर्लीन, रागावू नकोस, पण सामना संपेपर्यंत त्याला बियरच्या थंड खोलीत ठेवू. तिथे ना खिडकी, ना टीव्ही."

"त्याला थंडी आवडायची नाही," आर्लीन म्हणाली. पण अडवलं नाही. अडवायला हवं होतं, असं तिला वाटलं. गेल्या वर्षीही तिला नंतरच वाटलं होतं.

गॉर्डीने कलश छातीशी धरून नेला आणि पिंपांच्या मधोमध ठेवला. थंड खोलीच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं. मधली भिंत पत्र्याची. तिथे डॉटची बहीण मासे तळत होती, आणि तळणीच्या आवाजावर मात करायला तिने रेडिओ पूर्ण मोठा केला होता. पत्र्याला कान लावला तर समालोचकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. हे त्यांना कळलं तेव्हा संघ चार गुणांनी मागे पडला होता.

"बाहेर!" गॉर्डी म्हणाला. "माझ्या गाडीत!"

"बाहेर शून्याखाली पंधरा आहे, गॉर्डी."

"अगं, तो राख आहे!"

असं म्हणून झाल्यावर गॉर्डी स्वतःच दचकला. टोपी काढून तो कलशाला म्हणाला, "माफ कर, नॉर्ब."

आर्लीनने एकच अट घातली, गाडीतला हीटर चालू ठेवायचा. हीटरसाठी गॉर्डीने किल्ली फिरवली, आणि किल्लीबरोबर रेडिओ लागला. बस सोडल्यापासून गॉर्डी गाडीत एकच स्टेशन ऐकत होता. "...अरेरे, पुन्हा चेंडू गमावला, आणि आणखी सात गुण गेले!" समालोचक कळवळून म्हणाला. गॉर्डीने रेडिओ बंद करायला बटण दाबलं, ते त्याच्या हातातच आलं.

"अकरा," आर्लीन म्हणाली.

"काय अकरा?"

"अकरा गुणांनी मागे."

मग तिघं कलश घेऊन रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये गेले, कारण देवाच्या घरी तरी फुटबॉल नसेल असं लेस्टरचं म्हणणं होतं. चर्च रिकामं आणि अर्धवट अंधारात होतं. गुडघाभर बर्फातून आल्यामुळे तिघांच्या बुटांचा आवाज दगडी जमिनीवर चपचप घुमत होता. वेदीजवळ पोचले तसं आर्लीनला कुठूनतरी हजारो माणसांचं कुजबुजणं ऐकू आलं. खूप लांबून, जमिनीखालून आल्यासारखं. लेस्टरने तिचं कोपर धरलं.

"तुलाही येतंय ना ऐकू?"

"येतंय."

"देवा," गॉर्डी पुटपुटला. "किती आहेत ते?"

आर्लीन आवाजाच्या दिशेने गेली आणि तिने बाजूच्या खोलीचं दार ढकललं. पाद्रीबाबा कानाशी छोटा रेडिओ धरून उभे होते. त्यांनी तो झटकन झग्यात लपवला. आता झगा गर्जू लागला.

"मी फक्त स्कोअर ऐकत होतो," ते म्हणाले. मग त्यांची नजर कलशावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. "नॉर्ब आहे का तो? आर्लीन, त्याला आज इथे का आणलंस? आपण आत्ता कुठे सावरतोय!"

तिघं परत निघाले. बर्फावर जातानाच्या पावलांच्या तीन रांगा होत्या. तिसऱ्या रांगेच्या बाजूने आणखी एक असल्यासारखी वाटत होती. आर्लीनने थांबून वाकून पाहिलं, पण वाऱ्याने कडा पुसल्या होत्या आणि तिला खात्रीने काही सांगता येईना. जे खात्रीने सांगता येत नाही ते ती बोलत नसे.

बारचं दार उघडलं आणि आतली गरम, तेलकट हवा अंगावर आली. तिघांचे चष्मे एकदम पांढरे झाले. गॉर्डीच्या जाकिटाच्या चेनवर दव धरलं, लेस्टरच्या घड्याळाच्या काचेवर धरलं. शून्याखाली पंधरामधून आलेला धातू गरम हवेत आला की त्यावर दव धरतंच, त्याला इलाज नाही. आर्लीनने चष्मा पुसला आणि गॉर्डीच्या हातातल्या कलशाकडे पाहिलं.

पितळ कोरडं होतं. तिने हातमोजा काढून त्यावर तळवा ठेवला. कुणीतरी बराच वेळ हातात धरून बसलेल्या कपासारखं ते कोमट होतं.

"ठेव इथे," ती म्हणाली.

गॉर्डीने कलश बारवर ठेवला आणि पेन उघडलं. "बारावी नोंद," तो म्हणाला. "मेल्यानंतरही. काय माणूस आहे!"

"वही दाखव."

"कशाला?"

"बावीस वर्षांत मी ती एकदाही वाचली नाही. दाखव."

अकरा तारखा होत्या, अकरा पराभव. आर्लीनने पुढची पानं उलटली, मागची उलटली. सगळी कोरी.

"नॉर्ब हजर असताना जिंकलेले सामने कुठे लिहिलेत?"

"जिंकल्यावर कोण लिहीत बसतं?" गॉर्डी म्हणाला. "जिंकल्यावर नाचतात!"

टीव्हीवर दोन मिनिटं उरली होती. संघ चार गुणांनी मागे. कुणीही टीव्हीकडे बघत नव्हतं.

"तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं," आर्लीन सावकाश म्हणाली. "तीन रविवार तू हॉस्पिटलात होतास. त्या तीन रविवारी नॉर्ब घरी येऊन शीळ घालत भांडी घासायचा. मी कधी विचारलं नाही का ते. डॉट, तेव्हा तो कुठे बसला होता?"

डॉटने हातातला ग्लास खाली ठेवला. "कुठे म्हणजे? बाकीचे सगळे सामना बघायला गॉर्डीच्या खाटेपाशी, आणि तो इथेच की. गॉर्डीच्या स्टुलावर. हाकलायला गॉर्डी होता कुठे!"

"आणि संघ?"

"जिंकला. तिन्ही वेळा."

"मग तू बोलली का नाहीस?" लेस्टर ओरडला.

"विचारलंत कधी? दर रविवारी इथे तुम्ही ओरडता, मी ग्लास पुसते."

गॉर्डी वहीकडे, स्टुलाकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहू लागला. "पण त्या अकरा वेळी..."

"त्या अकरा वेळी तूही इथेच होतास. चौथ्या स्टुलावर."

"तीन सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही, आर्लीन! तू तर शिकलेली बाई आहेस!"

"नाही होत," आर्लीन म्हणाली. "अकरांवरूनही होत नव्हतं. तरी मी हात वर केला."

मागच्या खोलीत काहीतरी घासल्याचा आवाज आला. खस, खस, खस, बर्फावर झाडू घासावा तसा, घाईघाईने. मग कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं आणि थोड्या टाळ्या वाजल्या. लेस्टरने दारातून आत वाकून पाहिलं. उपसलेला प्लग जमिनीवर तसाच पडला होता. तो मागे सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

आर्लीनने कलशावरची लोकरी टोपी सरळ केली. नऊ महिने जे ठरत नव्हतं, ते तिने आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"नॉर्ब तळ्यात जाणार नाही. दफनभूमीत नाही, मुलीकडेही नाही. तो इथे राहील, पुढे, चौथ्या स्टुलावर. ऊठ, गॉर्डी. तुझा ग्लास घे आणि मागे जा. आठवर कर्लिंग लागलंय."