गिऱ्हाइकाला आवडेल असं घर

माणूस घर घेतो स्वतःसाठी आणि दुरुस्त करतो ते पुढे विकत घेणाऱ्यासाठी. हा नियम इतका सर्वमान्य आहे, की तो कुठे लिहून ठेवण्याची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही.

वजनमापे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले निरीक्षकसाहेब हा नियम काटेकोरपणे पाळत. (निवृत्तीच्या दिवशी खुर्ची, शिक्का आणि टाचण्यांची डबी परत द्यावी लागते, पण 'साहेब' परत द्यावं लागत नाही. ही खात्याची मोठीच कृपा.) तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत ते आणि बाई एकोणीस वर्षं सुखाने राहत होते. स्वयंपाकघरातला नळ त्यांपैकी अकरा वर्षं ठिबकत होता. न्हाणीघराची कडी सुतळीने बांधलेली होती. बैठकीच्या खोलीतलं एक बटण कंगव्याच्या दांड्याने दाबावं लागे, आणि त्यासाठी एक कंगवा शेजारीच खिळ्याला टांगलेला असे. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या रंगकामात रंगाने चिकटली, ती चौदा वर्षांत उघडली नव्हती. त्या खिडकीबद्दल बाईंनी अंदाजे सहाशे बारा वेळा सांगितलं होतं. परंतु घरच्या माणसाची तक्रार तोंडी असते, आणि तोंडी तक्रारीवर कार्यवाही करायची साहेबांच्या खात्यात पद्धत नव्हती.

मग खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचं घर आठवड्यात विकलं गेलं आणि साहेबांची झोप उडाली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एजंटला बोलावलं.

"मला नाही जायचं इथून," बाई म्हणाल्या. "आणि विकून जायचं कुठे?"

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. (हा विषय फाइलमध्ये शेवटच्या पानावर 'इतर बाबी' म्हणून घेण्यात आला.)

एजंटने तीन खोल्या तीन मिनिटांत पाहिल्या. "गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत काय ते ठरवतं साहेब," तो म्हणाला. "त्या पाच मिनिटांत जे दिसेल तेवढं झकास करा. आणि घर असं दिसायला हवं, की इथे कुणी राहतच नाही."

कामाला धडाक्यात सुरुवात झाली. नळ सात मिनिटांत दुरुस्त झाला. त्यातली चार मिनिटं प्लंबर पान्हा शोधत होता.

"अकरा वर्षं मी काय वेगळं सांगत होते?" बाईंनी विचारलं.

"तुझी गोष्ट वेगळी. उद्या गिऱ्हाईक नळ सोडून बघेल!"

हे बाईंना पटलं नाही, पण साहेबांचा तर्क निर्दोष होता. बाई नळ रोज सोडत होत्या, बघत नव्हत्या. कडी नवी आली, बटण बोटाने दाबता येऊ लागलं, कंगवा निवृत्त झाला. खिडकी मात्र पहिल्या पाच मिनिटांत येत नसल्यामुळे तिच्यावर रंगाचा आणखी एक हात मारण्यात आला आणि पुढे छानसा पडदा सोडण्यात आला. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या.

यानंतर रहिवाशांसाठी (एकूण संख्या दोन) नियम जारी झाले. सोफ्यावर गिऱ्हाइकाखेरीज कुणी बसू नये. चहा गॅलरीत उभ्याने घ्यावा. आंघोळ पहाटे उरकून भिंती कोरड्या पुसाव्यात. फोडणी शक्यतो देऊ नये. बाईंची खिडकीजवळची जुनी खुर्ची माळ्यावर गेली, कारण तिच्यावर कुणीतरी बसत असल्याचं स्पष्ट दिसत होतं. दोन महिन्यांत सतरा गिऱ्हाइकं आली. पैकी सोळा जण "विचार करून कळवतो" म्हणाले आणि एकाने फक्त दंतवैद्य कुठे गेले ते विचारलं.

अठराव्या गिऱ्हाइकाने मंगळवारी सकाळी अकराला बेल वाजवली. साहेबांनी सोफ्याची चादर झटकन ओढून घेतली आणि दार उघडलं. दारात ठेवणीतले कपडे घालून, खांद्याला पर्स लावून बाई उभ्या होत्या.

"घर बघायला आलेय."

"अगं, हे काय खूळ?"

"गिऱ्हाइकाला अगं म्हणता?"

साहेब गडबडले. पण समोर गिऱ्हाईक उभं असताना वाद घालायचा नसतो, हे एजंटने बजावलं होतं. "या ना, बसा," ते म्हणाले. बाई सोफ्यावर बसल्या. साहेबांनी पाणी आणून दिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दिलं, आणि तेही ताटलीत ठेवून.

बाईंनी नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली. मग स्वयंपाकघरातला पडदा बाजूला केला. "ही उघडते का?"

"उघडते की. म्हणजे... उघडायला हवी."

"मग उघडून दाखवा. बंद खिडकीचं घर मला नको."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पेचकस, सुरी आणि अखेरीस खांदा लावून चाळीस मिनिटांनी खिडकी कर्रकन उघडली. वारा आत आला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंचे डोळे भरून आलेले पाहून साहेबांना स्वतःची चांगलीच लाज वाटली. (लाजेचं वजन करायचं माप खात्याकडे नाही.) ते गुपचूप माळ्यावर चढले आणि खुर्ची खाली घेऊन आले.

खुर्चीत बसून बाईंनी विचारलं, "इतकं छान घर विकताय कशाला?"

साहेबांनी चाळीस प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. त्यात हा प्रश्न नव्हता.

"खरं सांगू का? आत्ता कुठे राहण्यासारखं झालंय."

"मग मी घेतलं," बाई म्हणाल्या. "जुने मालक इथेच राहिले तरी चालतील. चहा तेवढा त्यांनी करायचा."

साहेबांनी एजंटला फोन करून घर गेल्याचं कळवलं. कुणी घेतलं, असं त्याने विचारलं. "आहेत एक चोखंदळ बाई," साहेब म्हणाले आणि आधण ठेवायला गेले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाई तीन जिने उतरतात, पुन्हा चढतात आणि बेल वाजवतात. गेल्या महिन्यात वरची फळी त्यांच्या हाताला येईल इतकी खाली आली. एकदा साहेबांनीही पर्स नसल्यामुळे पिशवी घेऊन तसं करून पाहिलं, पण बाईंनी दार जेमतेम किलकिलं करून "विकलं गेलंय" म्हणून सांगितलं.

ही पद्धत अत्यंत उपयुक्त असून तिचा घरोघरी प्रसार व्हावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ती लगेच सुरू करता येणार नाही, याची मात्र आम्हाला कल्पना आहे. कारण तिला वाजणारी बेल लागते. आणि आपल्या दारावरची बेल बिघडलीय, हे घरातलं कुणीतरी दोन वर्षांपासून आपल्याला सांगतंय.