कूलरसमोरची फुलं

लग्नात मला एकच काम दिलं होतं. फुलं आणायची. (बाकीची कामं माझ्याकडून काढून घेण्याचा ठराव हेमानं, म्हणजे बायकोनं, एकमतानं मंजूर केला होता. मत तिचं एकटीचंच होतं.)

लग्न आमच्या लेकीचं, ईश्वरीचं. मुहूर्त खरा पुढच्या महिन्यातला, पण आबांचं, माझ्या वडिलांचं, काही खरं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस, फार तर." आबा गेले की सुतक, आणि मग वर्षभर घरात मंगलकार्य नाही. आबांचा एकच हट्ट, "नातीवर अक्षता टाकल्याबिगर मी जात न्हाई." म्हणून घाईघाईनं त्याच आठवड्यातली गोरज धरली.

लग्नाच्या दिवशी सकाळी परभणीच्या फुलबाजारात मी दोन तास घालवले. एकेक निशिगंध हुंगून घेतला. फुलवाला शेवटी म्हणाला, "साहेब, फुलं घेऊ लागलाव का सोयरीक जमवू लागलाव?" पण माल असा आणला, की हेमानंसुद्धा त्यातलं एक फूल केसात खोवलं.

प्रश्न होता ठेवायचा कुठं. वैशाखातलं ऊन, बेचाळीसच्या वर पारा, आणि घरात कूलर एकच, तोही आबांच्या खोलीत. आबा औषधाच्या गुंगीत होते. मी हलक्या हातानं त्यांच्या पायाशी, उशाशी, दोन्ही बाजूंनी फुलं मांडली. राहिल्या वरमाला. त्या चुरगळून चालणार नव्हत्या. भिंतीला खिळा एकच, त्यावर आबांचा फोटो. घातल्या दोन्ही माळा त्यावर. वा! मीच माझ्यावर खूश झालो.

अर्ध्या तासानं शेजारच्या गीताबाई आबांना बघायला आल्या.

"अगं माय गं! गेले की गं आबा!"

त्यांचा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू गेला. मी धावत येईपर्यंत कुणीतरी माळा घातलेल्या फोटोचा फोटो वऱ्हाडाच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला होता. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लगेच व्याह्यांचा, वालूरच्या दिनकररावांचा फोन. "लय वाईट झालं. पण सुतकात लग्न कसं लावावं? गाड्या माघारी वळवल्यात."

ईश्वरी मेंदीच्या हातांनी मटकन खाली बसली. रडण्याच्या गोंधळात आबांनी डोळे उघडले.

"कोण गेलं रं?"

"तुमी," मी म्हणालो. (अशा वेळी माझ्या तोंडून खरं तेच निघतं.)

आबांनी फुलांकडं पाहिलं, मग फोटोकडं. "फोन आण."

मी व्हिडिओ कॉल लावला. दिनकररावांचा विश्वास बसेना. "हा जुना व्हिडिओ तर न्हाई ना? आबा, आज वार कोणता?"

"वार म्हाईत न्हाई," आबा धापा टाकत म्हणाले, "पण माझं पोरगं गाढव हाय. आता गाड्या फिरवा. मला लय वेळ न्हाई."

"आबाच हायत," दिनकरराव म्हणाले.

गोरज टळता टळता लग्न लागलं. खुर्चीतून आबांनी अक्षता टाकल्या. बऱ्याचशा माझ्याच अंगावर पडल्या. फुलं इतकी टवटवीत, की वऱ्हाड विचारत होतं, कुणी आणली? कुणीही माझं नाव सांगितलं नाही.

नवव्या दिवशी पहाटे आबा गेले. खरेच गेले. मी डोळे पुसले, पिशवी घेतली आणि बाजाराला निघालो. हेमानं रडत रडतच पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि तिच्या भावाला, महारुद्रला दिली.

"आबांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "माझ्या टायमाला फुलं त्याला आणू देऊ नका. तो लग्नाची आणील."