सुई तुफानची, बोंब काळुरामची

कल्याण-शीळ रोडलगतच्या त्या गावात काळुराम बोलला म्हणजे विषय संपला! शेतं टॉवरखाली गेली, तरी त्याच्या दारात शर्यतीचा बैल तुफान नवरदेवासारखा उभा असे. शेजारच्या गावात जनावरांना लंपी झाला, इथे लसीकरणाचं शिबिर ठरलं आणि काळुराम गावदेवीच्या देवळासमोर गरजला, "माझे तुफानला सुई लागनार नाय! लस टोचली का बैल मंद होतो. मोबाईलवर आलंय!"

झालं! गावात दोन तट पडले. शर्यतवाले काळुरामकडे, आणि दूधवाल्या बाया त्याच्याच बायकोकडे, कमळाबाईकडे.

"माझी गाय गेल्या साली टोचली," कमळाबाई कडाडली. "दूध देते, चारा खाते, आन तुमचेसारखी उगाच हंबरत नाय!"

शिबिराच्या दिवशी तरुण पशुवैद्य डॉ. प्रियांका आल्या. त्यांनी खरं ते सांगितलं, "टोचल्या जागी थोडी सूज येते, एखाद-दोन दिवस अंग कोमट राहतं. पण लंपी झाला तर बैल हातचा जाऊ शकतो, काका."

"ऐकलंत? सूज येते! बाई सोताच बोलल्या!" काळुराम नाचलाच. "आन माझा तुफान सुई बघूनच खवळतो. दाखवू?"

त्याने तुफानला आणला. तुफानने सुईकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि प्रेमाने त्यांचा कोपर चाटला! लोक फिदीफिदी हसू लागले. आता इज्जतीचा प्रश्न! बैलाला बिथरवायला काळुराम त्याच्या कानात ओरडला, "हुर्रर्र!"

तुफान दचकला, मान झटकली, आणि मालक उलटा जाऊन थेट मॅडमच्या हातातल्या सुईवर बसला!

"आई गंऽऽ! मेलो!"

"अरे, मामाला लस लागली!" भाचा दिपेश ओरडला.

"घाबरू नका," हसू दाबत डॉ. प्रियांका म्हणाल्या, "पण लगेच डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल."

"म्हंजे आजून एक सुई?"

दिपेशने त्याला रिक्षात कोंबला. इकडे कमळाबाईने तुफानची वेसण धरली, नवी सुई आली आणि चुटकीसरशी काम झालं.

दुसऱ्या दिवसापासून शर्यतवाल्यांची रीघ लागली. तुफानला बघायला नव्हे, काळुरामला! त्यांच्यातल्या प्रफुल्लने तर त्याच्या पाठीवर हात फिरवून विचारलं, "वहिनी, चारा नीट घेतो ना?"

"कालपासून सहा भाकरी!" कमळाबाईने जाहीर केलं.

तरी शर्यतवाल्यांची खात्री पटेना. "खातो खरा," प्रफुल्ल पुटपुटला, "पण पळेल का?"

इतक्यात तुफानला तपासायला डॉ. प्रियांका आल्या. "छान! सूज नाही. आता पुढच्या साली परत टोचायचं हं, काका."

"परत?" काळुराम ताडकन उठला, कुंपणावरून उडी मारली आणि लुंगी सावरत असा सुटला, की समोरच्या टॉवरच्या वॉचमनने हात वर करायच्या आत गेट पार!

"अहो काका, बैलाला!" मॅडम ओरडत राहिल्या.

प्रफुल्लने त्या धुळीकडे क्षणभर बघितलं. मग वळून म्हणाला, "मॅडम, आमचे दोन्ही बैल आजच टोचा!"