बस्त्यावभाऊंचं एकच पान

माझ्या एम.एड.च्या थीसिसमध्ये मी एकेचाळीस माणसांचे आभार मानले होते. त्यात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, दोन्ही उपाध्यक्ष होते, शाळेच्या ट्रस्टींच्या सौभाग्यवती होत्या, इथल्या नईम भागातल्या टायपिंग सेंटरचा कुंजुमोन होता आणि आमच्या ह्यांच्या रक्तदाबाचे डॉक्टरही होते. ज्याच्यामुळे मी परीक्षकांसमोर तोंड उघडू शकले, तो माणूस तेवढा नव्हता. बरं, विसरायचं तर एखाद्या अशा माणसाला विसरावं, ज्याला पत्ता लागणार नाही. साऱ्या बहरीनमध्ये थीसिसचं फक्त आभाराचं पान वाचणारा एकच इसम होता, आणि मी नेमका तोच गाळला.

हे आज आठवायचं कारण आमची नात, इरा. ती सध्या इथल्याच विद्यापीठात मास्टर्स करते आहे. परवा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आजी, आभार कुणाकुणाचे? इट्स जस्ट अ पेज." म्हटलं, बाई गं, जरा थांब. त्या पानाने तुझ्या आजीची कशी फजिती केली ते ऐक.

तर बस्त्याव परेरा. आता ते वसईला, आपल्या घरी असतात. तेव्हा मनामातल्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होते, म्हणजे लग्नं, कॉन्फरन्सा, कंपन्यांची जेवणं, सगळी त्यांच्या नजरेखाली. झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एका खोलीत एकटे राहत. बायको रीटा आणि मुलगी वसईला. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार कागदावर कधी झालाच नाही. शिक्षण दहावी. आणि छंद काय, तर मास्टर्स-पीएचडीच्या पोरांच्या व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, रंगीत तालीम घेणे!

हा छंद लागला हॉटेलातच. रिसेप्शनवरची एक मुलगी संध्याकाळचं एम.बी.ए. करत होती. रिकाम्या हॉलमध्ये, उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांना ती आपला प्रोजेक्ट समजावत होती. बस्त्यावभाऊंनी एक खुर्ची सुलटी केली आणि त्यावर बसले. "ह्यांना काय सांगते? मला सांग." मुलगी पास झाली. तिने मैत्रिणीला पाठवलं, मैत्रिणीने भावाला. मग कोण केरळचा, कोण पुण्याची, जिदहफ्स गावची एक बहरीनी मुलगीसुद्धा. तिच्याशी हे अर्धं हिंदी, अर्धं अरबी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी बोलत.

तालमीचा थाट बघण्यासारखा असे. फोल्डिंगचं टेबल, त्यावर हॉटेलने मोडीत काढलेलं पांढरं टेबलक्लॉथ, कडक इस्त्रीचं. पाण्याचा ग्लास उजवीकडे; डावीकडे दिसला तर तालीम तिथेच थांबे. समोर स्वतः काळा कोट आणि बो टाय लावून, जून असो की जुलै. हाताशी रिसेप्शनवरची जुनी घंटी. पोरगं "बेसिकली" म्हणालं की टिंग! "मफी बेसिकली!" मफी म्हणजे नाही. पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्यांचा सिद्धांत ठरलेला. "एक्झामिनर म्हणजे गेस्ट. त्याला भूक लागलीय. तू त्याला मेनू वाचून दाखवतो कशाला? वाढ!"

मी तेव्हा पन्नाशीची तरुणी होते. इथल्या भारतीय शाळेत वीस वर्षं शिकवून झाली होती आणि आता आपण पदव्युत्तर विद्यार्थिनी होणार म्हणून अंगात वारं शिरलं होतं. पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या दारातल्या गार्डने मला अदबीने पालकांच्या हॉलकडे पाठवलं. मी पाऊण तास तिथे बसून दुसऱ्यांच्या मुलांच्या फीची माहिती ऐकून आले. वर्गातल्या मुली मला "खालती" म्हणत, म्हणजे मावशी. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि वर्गात हिमालय, म्हणून मी शाल घेऊन जायची. गळ्यात स्टुडंट कार्ड. ते कार्ड मी जिदहफ्सच्या बाजारात वांगी घेतानाही काढत नसे. आमचे हे म्हणत, "झोपताना तरी काढ, गळ्याला फास लागेल."

माझा विषय होता इथल्या मराठी मुलांची घरची भाषा. मुलांना मराठी कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीत. लिहून झालं छान. पण व्हायवाची तारीख लागली आणि वीस वर्षं पोरांना दरडावलेली ही बाई लटपटायला लागली. तीन परीक्षकांसमोर बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटे. फॉर्म मागे घ्यावा इथपर्यंत आले होते. शेवटी ह्यांनीच मला तळमजल्यावर पाठवलं.

मी स्लाइडी दाखवत दाखवत बोलले. घंटी इतक्यांदा वाजली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी दार उघडून पाहिलं.

"चाळीस मिनिटं झाली, टीचरबाई," बस्त्यावभाऊ म्हणाले. "गेस्ट घरी गेला. वाटेत शोरमा खाल्ला. आता घोरतोय."

मी भडकले. "तुम्हाला ह्यातलं काय कळतं हो?"

"काय नाय. त्या तिघांतल्या एकाला तरी कळत असेल कशावरून?" ते जराही रागावले नाहीत. बो टाय सैल केला. "मला एवढं सांगा, तुमच्या मुलाने तुम्हाला मराठीत शेवटचं काय विचारलं?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागले. खूप वेळाने आठवलं. "गेल्या महिन्यात... आई, भात आहे का?"

"हां. इथून वाढायला घ्या."

व्हायवाला मी तिथूनच वाढायला घेतलं. ज्यांची मला सर्वांत धास्ती होती, त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या की त्यांच्या घरी अरबीचं हेच चाललंय. मग परीक्षा कसली, गप्पाच झाल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये बस्त्यावभाऊ ड्यूटी बदलून, कोट घालून, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन बसले होते. मी बाहेर येताच उठून म्हणाले, "खलास? मग चहा."

आता त्यांच्या दुसऱ्या वेडाकडे येते. इथे सुटी शुक्रवारी, पण हॉटेलवाल्यांना कसली सुटी! ह्यांचा ऑफ मंगळवारी. त्या दिवशी दुपारी ते व्हिजिटर पास काढून विद्यापीठाच्या लायब्ररीत जात. थीसिसच्या कपाटातून एक काढायचा, आभाराचं पान वाचायचं, परत ठेवायचा, पुढचा काढायचा. बाकी पानाला हात नाही.

"बाकी पुस्तक गाइडला घाबरून लिहितात, टीचरबाई," ते मला म्हणाले होते. "हे एकच पान न घाबरता."

आणि काय काय वाचून येत! "एकाने मांजर आधी घातली, बायको नंतर. तुम्ही बघा, ते घर डगमगतंय." किंवा, "ती इंजिनिअरिंगवाली. मास्टर्सला होणाऱ्या नवऱ्याला थँक्यू होतं, पीएचडीला नाय. पण आई आहे दोन्हीकडे." जणू शेजारपाजारच्या बातम्या. एवढं सगळं मला ठाऊक होतं, वाचकहो. तरी मी विसरले.

कशी, तर अशी. दुरुस्त्या करून थीसिस बांधायला दिला आणि कुंजुमोन म्हणाला, "मॅडम, थँक्यू पेज किधर है? एक बजे शटर डाउन." पावणेएक वाजला होता. मी तिथेच उभ्याने सांगायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे काही काम पडेल असे सगळे धडाधड आठवले. त्यांची पदं, मानद की कार्यकारी, हेसुद्धा आठवलं. समोर उभा होता म्हणून कुंजुमोनचंही नाव घातलं. त्याने ते स्वतःच ठळक टाइपात केलं.

आठवड्याने सोनेरी अक्षरांची एक प्रत आणि पेढे घेऊन मी ऐटीत तळमजल्यावर गेले. बस्त्यावभाऊंनी हात धुतले, टॉवेलला पुसले, चष्मा लावला आणि बरोबर ते पान काढलं. बोट एकेका नावाखाली सरकायला लागलं. मी पेढ्याचा डबा उघडत होते. बोट उपाध्यक्षांवर आलं, ट्रस्टींच्या सौभाग्यवतींवर आलं, आणि मी डबा तसाच खाली ठेवला. मनातल्या मनात मी पुढची यादी धावत धावत पाहून आले. नव्हतं. बोट मात्र सावकाश चाललं होतं. रक्तदाबाच्या डॉक्टरांवर येऊन थांबलं. पुढे कोरा कागद.

"अगंबाई, एक पान गळलं वाटतं!" मी ओरडले. "ह्या कुंजुमोनचा मेल्याचा घोळ!" आणि त्यांच्या हातातला थीसिस ओढून घेतला.

"मफी मुश्किल," ते म्हणाले. "बाइंडिंग मात्र छान केलंय." आणि त्यांनी पेढा घेतला.

घरी ह्यांना सांगितलं. हे नुसते वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "ट्रस्टींच्या बायकोने तुझ्या किती तालमी घेतल्या म्हणालीस?"

पुढचे दोन मंगळवार तळमजल्याचं दार बंद. मी घंटा वाजवून वाजवून परत आले. माणूस कायमचा दुखावला, माझी खात्रीच पटली. घरी येऊन पोळ्या करपवल्या. मग मी एक बेत केला. कुंजुमोनकडून नवीन पान छापून घेतलं. त्यावर सगळ्यात वर, एकटे: श्री. बस्त्याव परेरा. पर्समध्ये गमस्टिक, पट्टी आणि ते पान घेऊन तिसऱ्या मंगळवारी सकाळी दहालाच लायब्ररीत शिरले. ते दुपारी येतात; त्याआधी लायब्ररीतल्या प्रतीत पान चिकटवून टाकायचं. एक शिक्षिका, नवी कोरी एम.एड., आणि निघाली चोरून पुस्तकात पान घुसवायला!

आधी म्हटलं, बाकीच्यांनी त्यांचं नाव कितव्या नंबरवर घातलंय ते बघू. आपण वरचढ असलेलं बरं. त्यांच्या हाताखालून गेलेली सहा-सात मुलं मला माहीत होती. केरळच्या मुलाचा थीसिस काढला. देव, आई-बाबा, गाइड, रूममेट. पुण्याच्या मुलीचा काढला. जिदहफ्सच्या मुलीचाही. एकाने तर कॅन्टीनच्या करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ, चहाचे आभार मानले होते. बस्त्याव परेरा हे नाव कुठेच नव्हतं. मी तिथे कपाटाला टेकून उभी राहिले. एवढी वर्षं हा माणूस दर मंगळवारी येऊन ही पानं उलटतो आहे, ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं असं मला वाटलं.

माझ्या थीसिसची जागा मात्र रिकामी होती. वळून पाहिलं, तर खिडकीजवळच्या टेबलावर काळा कोट. समोर माझा थीसिस, तेच पान उघडं. माझी चाहूल लागली तशी त्यांनी वर पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दोन मंगळवार सलग लग्नं होती हॉटेलात. ऑफ कॅन्सल. म्हणून आज सकाळीच आलो."

मी समोर बसले. कुजबुजतच, पण भडाभडा बोलले. "भाऊ, नका शोधू. पान गळलं नव्हतं. मीच विसरले, आणि वर खोटं बोलले. आणि मी आत्ता सगळ्यांची पानं बघून आले. एकाही मेल्याने तुमचं नाव..." पर्समधून नवीन पान काढून त्यांच्यापुढे सरकवलं. गमस्टिकही बाहेर आली.

त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. त्याच्याखाली बोट ठेवलं, काढलं. पानाची नीट चौघडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. गमस्टिक, गेस्टच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी, माझ्याकडून काढून घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकून चेन लावली. मग टेबलावर जरासे पुढे झुकून, आवाज न चढवता म्हणाले,

"नाव शोधायला कोण येतं, टीचरबाई? मंगळवारी आपली सगळी बिल्डिंग कामावर जाते. इथे पान उघडलं की कुणाची आई असते, कुणाचा बाप, कुणाचा रुसलेला भाऊ. मी आपला चार घरी जाऊन बसून येतो. तुमच्या घरी गर्दी फार हो. पण मी बसलो कडेला. जागा झाली."