किल्ल्यातली लिफ्ट

ओमानमधला बघण्यासारखा एकही किल्ला बावतीस लोपीस यांनी सोडला नव्हता, आणि एकाही किल्ल्याच्या माथ्यावर त्यांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं. हे मी ऐकीव सांगत नाही. बुरुजाच्या जिन्यापाशी पोचलो की ते मला बाजूला करत, विजारीचे पाय दोन बोटं वर घेत आणि मोठ्याने मोजत चढू लागत. शेवटच्या पायरीवर आले की थांबत. समोर उघडी गच्ची, वारा थेट तोंडावर येतोय, एक पाऊल टाकलं की सगळा मुलूख खाली दिसणार. आणि हा गृहस्थ तिथूनच पाठ फिरवून उतरायला लागे.

"अहो, बघा तरी वर येऊन," मी वरून ओरडत असे.

"वरचं काय पळून जात नाय," ते उतरता उतरता म्हणत. "बेचाळीस पायऱ्या, कठडा उजवीकडं, तेराव्या पायरीला डोकं सांभाळा."

खाली आल्यावर ते बाकी तपासणी करत. संडास कुठे आहे, दाराचा उंबरठा किती उंच आहे, बसायला सावली आहे का, सावली असल्यास दगडी बाक की नुसता कट्टा. मग खिशातली डायरी काढून सगळं उतरवून घेत. आमची मुक्ता त्यांना 'स्टेप्स अंकल' म्हणायची. मी तिला कधी रागावलो नाही, कारण मीही पाठीमागे तेच म्हणत होतो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आम्ही अल खौदला एकाच इमारतीत राहायचो. मी, बायको शुभदा आणि मुलगी दुसऱ्या मजल्यावर, बावतीसभाऊ तळमजल्यावर एका खोलीत. वसईचे ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेले, कुरुमच्या एका हॉटेलात लॉन्ड्री सुपरवायझर. बायको वसईला असते एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांच्या इथल्या अकरा वर्षांत ती कधी आली नव्हती, आणि का आली नाही हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

हॉटेलातले पाहुणे खोलीत टाकून जातात ती वर्तमानपत्रं बावतीसभाऊंकडे येत. प्रवासाची पानं ते कात्रीने कापत आणि इस्त्री करून फाइलला लावत. खरोखरची इस्त्री. त्यामुळे कुठला किल्ला दुरुस्तीसाठी बंद झाला, कुठल्या वादीला, म्हणजे एरवी कोरड्या नदीला, पाणी आल्याने रस्ता तुटला, मुंबईच्या विमानाची वेळ कधी बदलली, हे सगळं आमच्या इमारतीत आधी तळमजल्यावर कळत असे. कोणी सुट्टीवर निघालं की ते जिन्यात गाठून म्हणत, "थांबा, लेटेस्ट पोझिशन सांगतो."

आपण काही बातमी सांगितली की मात्र लगेच विचारत, "सोर्स काय?" ऑफिसात कोणीतरी म्हणालं, असं उत्तर चालत नसे. कोणीतरी म्हणजे कोण, त्याने स्वतः पाहिलं का, कधी पाहिलं? डायरीत प्रत्येक नोंदीपुढे सोर्सचा रकाना होता. आणखी एक रकाना होता, 'वर' नावाचा. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता.

त्यांच्याकडे गाडी नव्हती. शुक्रवारी ज्याच्या गाडीत एक जागा रिकामी असेल त्याच्याबरोबर ते निघत. पुष्कळदा ती गाडी माझी असे. ते बरोबर असले की वाट चुकत नसे, हे कबूल केलं पाहिजे.

एकदा माझे सासू-सासरे आले होते. मी त्यांना घेऊन निजव्याचा किल्ला दाखवायला निघालो. बावतीसभाऊ जिन्यात भेटले. "आज शुक्रवार. नमाजाच्या आधी बंद करतात. आत्ता दहा वाजलेत, तुम्ही पोचेपर्यंत खलास."

मी म्हटलं, "बघू या." जावयाला सासऱ्यासमोर माघार घेता येत नाही. दोन तास गाडी हाणून आम्ही पोचलो आणि बंद दरवाजासमोर उभं राहून फोटो काढून परत आलो. इमारतीच्या दारात बावतीसभाऊ बसलेच होते. "मग सावंतभाऊ, लेटेस्ट पोझिशन काय?"

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढचा महिनाभर आमच्या घरात भाजी संपली, गॅस संपला, काहीही झालं तरी सासरे मला लेटेस्ट पोझिशन विचारत. वरवर मी हसत होतो, आतून जळत होतो. बावतीसभाऊंना एकदा तोंडावर पाडायचंच, असं मी ठरवून टाकलं. चाळिशीतला, एका मुलीचा बाप असलेला माणूस मी.

मी कुरुमला एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होतो. इब्र्याच्या पुढच्या एका किल्ल्याची दुरुस्ती चालली होती आणि तिचे काही नकाशे आमच्याकडे होते. किल्ल्याचं नाव सांगत नाही. तिथल्या राखणदाराची आठवण झाली की अजून मान खाली जाते. किल्ला बंद होता, आत कोणाला सोडत नव्हते, म्हणजे बावतीसभाऊंना खातरजमा करता येणार नव्हती. मी बुरुजाच्या नकाशाची झेरॉक्स काढली आणि जिन्याशेजारी पेनाने एक चौकोन काढून त्यात फुली मारली. नकाशात लिफ्ट अशीच दाखवतात.

संध्याकाळी तळमजल्यावर जाऊन म्हटलं, "बावतीसभाऊ, लेटेस्ट पोझिशन. इब्र्याकडच्या त्या किल्ल्यात लिफ्ट बसवतायत."

"सोर्स काय?"

मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, चौकोनावर बोट ठेवलं आणि कागद दिव्याखाली नेला. मला वाटलं, पकडलं. पण त्यांनी विचारलं, "ही पार वरपर्यंत जाणार? गच्चीपर्यंत?"

"गच्चीपर्यंत."

"तुम्ही नकाशा सोता बघितला?"

"हा काय माझ्या हातात आहे."

"मी ठेवू हा कागद?" असं त्यांनी विचारलं, आणि मी उदारपणे म्हटलं की ठेवा. दोन जिने चढून घरी येईपर्यंत मी हसत होतो. शुभदाला सांगितलं तर ती हसली नाही. "सांगून टाक खरं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगतो, मजा येईल.

शुक्रवारच्या आधीच बावतीसभाऊ वर आले. हातात ओमानी हलव्याचा डबा. उंबऱ्यातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"तुमच्यामुळं काम झालं, सावंतभाऊ. फिलोमिना यायला तयार झाली."

मग पहिल्यांदा सगळं कळलं. फिलोमिनाबाईंच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला होता. कॅलिपर लावून, काठी घेऊन चालतात, पण कोणी उचललेलं त्यांना खपत नाही. लहानपणी फार लोकांनी उचललं. शाळेच्या सहलीत सगळी मुलं वर जात आणि त्यांना खाली डब्यांच्या राखणीला बसवत. बावतीसभाऊंनी अकरा वर्षं बोलावलं आणि अकरा वर्षं त्या म्हणत होत्या, तिकडे येऊन मी काय करू, डबे सांभाळू?

"म्हणून मी बघत होतो, कुठला किल्ला हिला जमंल," ते म्हणाले. "दहा-बारा पायऱ्या ती चढते. पण एक पण नाय तसला. आता लिफ्ट म्हटल्यावर काय प्रश्नच नाय. ती म्हणली, येते."

"आणि तुम्ही वर का जात नाही?" शुभदाने विचारलं.

ते लाजले. पन्नाशीतला माणूस लाजताना मी प्रथमच पाहत होतो. "पैल्यांदा दोघांनी बघायचं ठरवलंय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. हलव्याचा डबा माझ्या हातात होता, शुभदा माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हटलं, "अरे वा." त्या 'अरे वा'ची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

पुढे दोन महिने मी रोज सांगणार होतो. व्हिजिट व्हिसाचा अर्ज करण्याआधी सांगणार होतो, मग व्हिसा आल्यावर, मग तिकीट काढण्याआधी. ते भेटले की मी मुक्ताच्या अभ्यासाचं निमित्त काढून सटकत असे. शुभदा माझ्याशी मोजकंच बोलू लागली. हलवा कोणी खाल्ला नाही. शेवटी मीच एका दुपारी तो खाली नेऊन टाकला.

फिलोमिनाबाई आल्या. बारीक, नीटनेटक्या, वसईला शिवणकाम करणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी बावतीसभाऊंनी आम्हाला चहाला बोलावलं आणि फाइल उघडून त्यांच्यासमोर ती झेरॉक्स ठेवली. "बघ, ही लिफ्ट. सावंतभाऊंनी आणून दिला कागद." बाईंनी कागद उजेडाकडे धरला, फुलीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागद घडी करून परत दिला. "छान," म्हणाल्या. मी गरम चहा एका घोटात प्यायलो.

त्याच आठवड्यात किल्ला उघडल्याची बातमी पेपरात आली. बावतीसभाऊंनी कात्रण इस्त्री करून मला आणून दाखवलं. लिफ्टचा उल्लेख नव्हता, पण ते म्हणाले, पेपरवाले अर्धवटच लिहितात. गुरुवारी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मागे बाई, मांडीवर डबे. पुढे बावतीसभाऊ, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात उसना कॅमेरा. रस्ताभर ते डोंगरांची आणि कोरड्या नद्यांची माहिती देत होते. बिदबिदच्या पुढे आल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. बिदबिद गेलं, इब्रा गेलं.

किल्ल्याच्या अंगणात दिशदाशाचा पायघोळ झगा घातलेला म्हातारा राखणदार बसला होता. बावतीसभाऊ झपाझप त्याच्याकडे गेले. "अर्बाब, लिफ्ट किधर है?"

राखणदाराने हात कानामागे नेला. "क्या?"

"लिफ्ट. ऊपर जाने का."

म्हातारा आधी गोंधळला, मग खुदकन हसला. "लिफ्ट? इन्शाल्ला," म्हणाला आणि आभाळाकडे बोट केलं. तरीही बावतीसभाऊ त्याला घेऊन बुरुजाला वळसा घालून पलीकडे गेले. बुरुजाच्या मागच्या बाजूला लिफ्ट असू शकते, असं त्यांना वाटलं असावं.

बाई कट्ट्यावर बसल्या. काठी बाजूला ठेवली, डबे जवळ ओढून घेतले. मी समोर उभा होतो.

"भावोजी," त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज कागदावर कापडाचे नमुने काढते. छापलेलं कुठलं आणि पेनाचं कुठलं, हे मला कळतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"दोन महिने ते फोनवर नुसते लिफ्टचंच बोलत होते. इतकं खूश मी त्यांना लग्नात पण बघितलं नव्हतं. मी कशी बोलणार?" मग म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं होतं."

हो. मीच बोलायला हवं होतं. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

बावतीसभाऊ वळसा पूर्ण करून आले. चालणं मंदावलं होतं. आमच्यापाशी येऊन त्यांनी घाम पुसला, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांनी वाचलं असणार.

"काय लेटेस्ट पोझिशन?" बाईंनीच विचारलं.

"लिफ्ट बंद हाय," बावतीसभाऊ म्हणाले. "मेंटेनन्स."

"असू दे," बाई म्हणाल्या.

"बावतीसभाऊ, ती लिफ्ट मी..." मी सुरुवात केली.

"बंद हाय म्हटलं ना, सावंतभाऊ."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. मी तिथेच उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी वर जाऊन या." ते नाही म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, तुम्ही जा. नीट बघून या. आणि आम्हाला खरं खरं सांगा."

मी चढलो. आयुष्यात पहिल्यांदा मीही पायऱ्या मोजल्या. अडतीस. कठडा नाही. गच्चीवर गेलो आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखा चारी बाजूंनी सगळं पाठ करून घेतलं. उत्तरेला खजुराच्या बागा, मधून जाणारं पाटाचं पाणी. एका घराच्या छतावर वाळत घातलेल्या चार चादरी, एक हिरवी. लांब बोडके डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी एक टेम्पो धूळ उडवत चाललेला. खाली कट्ट्यावर दोन माणसं, मध्ये डबे. ती दोघं वरून फार लहान दिसत होती. मी डोळे पुसले आणि खाली आलो.

मी सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही. बाई मधून मधून विचारत होत्या, चादर कुठली हिरवी, पोपटी की गडद? पाणी वाहतं होतं का? मी आठवून सांगत होतो. एकच गोष्ट सोडून. ती दोघं वरून कशी दिसली ते मी सांगितलं नाही. बावतीसभाऊ मान खाली घालून लिहीत होते. अकरा वर्षं कोरा राहिलेला 'वर'चा रकाना भरत होता. चादरीपर्यंत आल्यावर जागा संपली तेव्हा ते समासात लिहू लागले. सोर्सच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: सावंत, स्वतः पाहिलं.

मग डायरी गुडघ्यावर उघडी ठेवून त्यांनी डबा उघडला आणि पहिला घास बायकोला देऊन दुसरा माझ्यापुढे केला. तो घेताना माझी नजर वरच्या ओळीवर गेली. 'लिफ्ट, गच्चीपर्यंत' ही दोन महिन्यांपूर्वीची नोंद त्यांनी खोडली नव्हती. पुढे फक्त 'बंद' असं लिहिलं होतं. सोर्सच्या रकान्यातलं माझं नाव मात्र खोडलेलं होतं, आणि त्याच्या जागी ताज्या शाईत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.