कूलरभोवतीचं नेटवर्क

रामदासपेठेतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा मी मॅनेजर. लॅबमधल्या पाच कम्प्युटरांचं नेटवर्क मीच बसवणार, असं मी आमच्या डॉक्टरसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं. "पाच डबे एकमेकांले जोडाचे, साहेब! त्याले इंजिनिअर काहून लागते?" मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिल्यावर माणसाला एवढा आत्मविश्वास येतोच.

जोडणीचे प्रकार मोजकेच. एका ओळीत, गोल रिंगणात, नाहीतर मधे एक डबी ठेवून सगळ्यांच्या वायरी तिच्यात. मी ओळ निवडली. पहिल्याची वायर दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असं करत पाचव्याला प्रिंटर. वायर टेपनं मोजून कापली. वीतभरही वाया गेली नाही!

फक्त महिना मे होता, हे विसरलो. नागपुरात मे महिन्यात टेबलं जागेवर राहत नाहीत. अकरा वाजले की कूलरकडे सरकू लागतात. सरकवताना कोणी दिसत नाही, पण सरकतात! पहिल्याच दिवशी रिपोर्ट टाइप करणारी दामिनी टेबलासकट दोन हात सरकली आणि तिची वायर खटकन निघाली. ओळच तुटली. तिचा कम्प्युटर एकीकडे, प्रिंटर दुसरीकडे.

नेमके तेव्हाच उमरेडचे गोपाळराव समोर बसले होते. एकटेच एसटीनं आलेले. गुडघ्यानं चालवेना म्हणून रिसेप्शनच्या कुसुमताईंनी त्यांना लॅबच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. उद्या त्याच गुडघ्याचं ऑपरेशन. रक्ताचा रिपोर्ट एक वाजेपर्यंत समोरच्या हॉस्पिटलात पोचला नाही तर तारीख दोन महिने पुढे!

"झाला का गा रिपोर्ट?"

"झाला, काका. दामिनीच्या कम्प्युटरात आहे. फक्त बाहेर निघून नाही राहिला."

"म्हणजे माझ्या गुडघ्यावानीच. आहे, पण चालत नाही."

मी डगमगलो नाही. सरळ प्रकार बदलला. कपाटातून जोडणीची डबी काढली. पण मधे म्हणजे कुठे? पाचही टेबलं कूलरला वेढून बसलेली, मधोमध कूलरच! मी डबी कूलरवर ठेवली, वायरी खोचल्या, हिरवे दिवे लुकलुकले.

"वा जी, मार्तंडराव!" दामिनी म्हणाली. "देते प्रिंट."

तेवढ्यात बारा वाजले. बाराला कूलरमध्ये पाणी टाकायचं हा कुसुमताईंचा नेम. त्यांनी बटण बंद केलं, बादली उचलली आणि झाकण बाजूला सारलं.

डुबुक!

पाचही कम्प्युटरांची जोडणी एका क्षणात गेली. मधली डबी गेली की सगळंच जातं, हे तिसऱ्या व्हिडिओत होतं म्हणे. तो मी अर्धाच पाहिला होता.

"अवं कुसुमताई, वर डबी होती!"

"मले काय माहीत जी? कूलरवर कोणी काही ठेवते का? मी आपली पाणी टाकून राहिली!"

साडेबारा झाले. गोपाळरावांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मात्र मला खरोखर लाज वाटली.

"प्रिंटरच माझ्याजवळ आणा ना," दामिनी म्हणाली. "सरळ माझ्या कम्प्युटरले लावते."

प्रिंटर एकट्याला उचलेना. गोपाळराव काठी टेकत उठले. "त्याले बसू द्या इथं. त्याची हालत माझ्यापेक्षा खराब दिसते."

चाकाच्या खुर्चीत बसून प्रिंटर हॉल ओलांडून गेला. दोन मिनिटांत रिपोर्ट हातात!

"आणखी बावीस रिपोर्ट आहेत. खुर्ची हलवू नका," दामिनीनं बजावलं. मग काय, गोपाळरावांना खांदा देऊन... म्हणजे खांद्याचा आधार देऊन मीच रस्ता ओलांडला. एकला पाच मिनिटं कमी असताना सर्जनच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला.

"एवढा उशीर? तुम्ही त्या लॅबचे का?"

"नाही, नाही!" मी घाईनं म्हणालो. "मी यांचा भाचा."

"बरं झालं. यांच्यासोबत कोणीच नाही म्हणून आम्ही काळजीत होतो. उद्या सकाळी सहाला या. तीन दिवस राहावं लागेल."

आता गोपाळराव खरं सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"येईल जी तो," ते सर्जनला म्हणाले. "माझा भाचा आहे."

बॅग भरून झाली आहे. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर तुला उमरेडला एक मामेसासरे मिळाले आहेत, हे बायकोला सांगायचं तेवढं राहिलंय.